टाकीतला दुसरा

सकाळी त्याने टाकीवरचा दिवा लावला तेव्हा आत एकच मासा होता. काल संध्याकाळी दोन होते. काळ्या-फिक्या पट्ट्यांचा, दीड वीत लांबीचा मोठा आफ्रिकन सिक्लिड नेहमीसारखा मधोमध थांबून, कल्ले संथपणे उघडत-मिटत त्याच्याकडे बघत होता. त्याला तो मनात पट्टेवाला म्हणायचा. (एकदा तो फोनवर कुणाला तरी 'पट्टेवाल्याने कालपासून काही खाल्लं नाही' असं सांगत होता, तर तो काम करायचा त्या दुकानाच्या मालकांनी काळजीने विचारलं होतं, कुठल्या ऑफिसातला.) महिन्यापूर्वी आणलेला दुसरा मासा दगडांमागे नव्हता, फिल्टरच्या नळीमागेही नव्हता. शेवटी तो स्टँड आणि भिंत यांच्यामधल्या फटीत, फरशीवर सापडला. टाकीचं झाकण एका बाजूने चार बोटं सरकलं होतं. तेवढ्यातून त्याने उडी मारली होती. अंग वाळून चामड्यासारखं झालेलं, शेपूट कुरतडलेली, एका कुशीचे खवले निघालेले. मासा वर्तमानपत्रात गुंडाळताना त्याला किळस आली नाही, दुःखही फारसं झालं नाही. पाण्याबाहेर जगता येत नाही हे माशाला कळत असेल की नसेल, पण कुठल्यातरी क्षणी त्याला आतल्यापेक्षा बाहेरचं बरं वाटलं होतं. आणि तो मासा आपण निवडला होता. माशांच्या दुकानात पाच मिनिटं उभं राहून, बोट दाखवून, हा द्या म्हटलं होतं.

कामावर पोचल्यावरही तो मासा डोळ्यांसमोरून हलला नाही. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, एका उंच स्टुलावर बसून भिंगांच्या कडा घासायच्या, फ्रेमच्या आकाराला आणायच्या, बसवायच्या, हे काम तो एकतीस वर्षं करत होता. चाकावर पाण्याची धार पडत राहायची, काचेचा गाळ पांढऱ्या खिरीसारखा खालच्या तसराळ्यात साचायचा, आणि गिऱ्हाइकांचे चेहरे त्याला कधी दिसत नसत. दिसत ते नंबर. उणे चार म्हणजे लांबचं धूसर, अधिक दोन म्हणजे वर्तमानपत्र हातभर दूर धरणारा. माणसांशी एवढी ओळख त्याला पुरत होती. अकराच्या सुमारास फोन वाजला. अक्का होती, त्याची थोरली बहीण.

"बारक्या, कामात आहेस का?"

"बोल."

"माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. नंतर दोन-तीन महिने मुलाकडे राहणार आहे मी. तिथे दादाला नेता येत नाही. सून तोंडावर काही बोलली नाही, पण मला कळतं ना."

"मग?"

"मग काय? रविवारी तो तुझ्याकडे येतोय."

त्याने चाक बंद केलं नव्हतं. "माझ्याकडे एकच खोली आहे, अक्का."

"दोन माणसांना किती लागतात?" ती म्हणाली. "आणि हे बघ, मी नाही सुचवलं त्याला. तोच म्हणाला, बारक्याकडे जातो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा काही मागितलं त्यानं माझ्याकडे. नाही म्हणवलं नाही मला."

फोन ठेवल्यावर त्याने पाहिलं, हातातल्या भिंगाची कड चंद्रकोरीसारखी उडाली होती. तोच म्हणाला. या दोन शब्दांभोवती त्याचं मन दिवसभर घिरट्या घालत राहिलं. अक्काने गळ्यात मारलं असतं तर गोष्ट वेगळी होती. अडचण म्हणून आलेला माणूस अडचण सरली की जातो. पण दादा स्वतःहून येत होता. तुरुंगातून सुटून त्याला तेवीस वर्षं झाली होती. या तेवीस वर्षांत दोघे भाऊ एका खोलीत एकटे असे पाच मिनिटंही बसले नव्हते. आई गेली तेव्हा एकत्र होते, पण मधे माणसं होती, आणि माणसं मधे राहतील अशा बेताने तोच इकडून तिकडे सरकत राहिला होता. आता मधे कुणी असणार नव्हतं. दहा बाय बाराची खोली, एक पलंग, एक घडीची खाट, मोरी, ओटा, पाच फुटी टाकी, आणि ते दोघे. दादाला काय विचारायचं असेल हे त्याला माहीत होतं. विचारून झाल्यावर दादा काय करील हे माहीत नव्हतं, आणि भीती तिथे होती.

तो तेव्हा एकोणीस वर्षांचा होता आणि दादा पंचवीसचा. दादा एका फर्निचरच्या कारखान्यात सुतार होता, आणि दुपारचा डबा पोचवायचं काम त्याच्याकडे असायचं. त्या दुपारी तो डबा घेऊन आत शिरला तेव्हा दादाने नुकत्याच केलेल्या टेबलाचा खण पॉलिशवाला पुढे-मागे करत होता. खण अडकत होता. पॉलिशवाला हसला. फार वाईट काही बोलला नाही. म्हणाला, हा खण उघडायला गिऱ्हाइकाने रोज दूध प्यायला पाहिजे. दोघं-तिघं हसले. तो स्वतःही हसला होता, दारात उभा राहून, डबा हातात धरून. दादाने एकदा त्याच्याकडे बघितलं, मग लाकडी मोगरी उचलली. पॉलिशवाला तिसऱ्या दिवशी वारला. कोर्टात दादाच्या वकिलांनी सांगितलं होतं, सगळं एका गोष्टीवर आहे: घाव एक असेल तर तो रागाचा, दोन असतील तर इराद्याचा. कारखान्यातल्या बाकीच्यांनी आपण पाठमोरे होतो असं सांगितलं. दारात उभा राहून आत बघणारा साक्षीदार एकच होता. समोर पॉलिशवाल्याची बायको बसली होती, मांडीवर दोन्ही हात उताणे ठेवून, कुणी काही देणार असल्यासारखे. सरकारी वकिलांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, एकदा की दोनदा? तो म्हणाला, दोनदा. टाइपरायटरने तो एक शब्द पुढे ढकलून टाकला. दादाने मान वर केली नाही. बारा वर्षं.

जेवणाच्या सुट्टीत तो माशांच्या दुकानात गेला. रविवारी दादा येण्याआधी टाकी शांत व्हायला हवी, एवढं एकच त्याला सुधरत होतं. एकटा पडला की पट्टेवाला काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबावर तुटून पडायचा. नाकाड घासून पांढरं व्हायचं आणि तो धप धप आवाज खोलीभर होत राहायचा. तो आवाज ऐकत दादासमोर बसायचं ही कल्पनाच त्याला नको वाटत होती. दुकान एक वयस्कर बाई चालवत. त्यांचा चष्मा त्यानेच बनवलेला होता, अधिक अडीच, म्हणून त्याच्या मनात त्यांचं नाव अडीचबाई. कोपरापर्यंत ओल्या हाताने त्या एका टाकीतला गाळ काढत होत्या.

"मेला ना?" त्यांनी न वळता विचारलं.

"उडी मारली."

"मारणारच. मी त्या दिवशी दुकानात नव्हते, नाहीतर दिलाच नसता. तसाच पट्ट्यांचा कशाला नेलात?"

"वाटलं, त्याच्यातलाच असला तर जमेल."

"त्याच्यातलाच असला तर मुळीच जमत नाही," त्या हात पुसत म्हणाल्या. "सारखा दिसणारा आला की त्याला वाटतं, हा माझीच जागा घ्यायला आलाय. रंग वेगळा हवा, ठेवण वेगळी हवी, राहायची जागाही वेगळी. या इकडे."

त्या एकेका टाकीपुढून त्याला नेत राहिल्या. लखलखत्या निळ्या छोट्या माशांपुढे तो रेंगाळला तर म्हणाल्या, हे त्याच्या तोंडात मावतील, दोन दिवसांची न्याहारी. लांब झुळझुळीत परांचा एक होता. त्याचे पर तुमचा मासा कुरतडून चिंध्या करील, म्हणाल्या. दुसऱ्या एका आफ्रिकन तलावातला, मोरपंखी रंगाचा, चांगला तळहाताएवढा मासा होता, तो त्याला फार आवडला. "हा फार सभ्य आहे," अडीचबाई म्हणाल्या, "याला मारलं तर हा नुसता बाजूला होतो. तुमच्या टाकीत बाजूला व्हायला जागा कुठे आहे? सहा फुटी हवी म्हणून मी पहिल्या दिवसापासून सांगतेय." शेवटच्या टाकीत दगडाच्या कपारीखाली काहीतरी हललं. करडा, काळ्या ठिपक्यांचा, मिशावाला मोठा कॅटफिश. "हा घ्या. तोही आफ्रिकेतलाच. डोक्यावर हाड, पाठीवर काटा, गिळायला गेलं तर घशात अडकेल. तळाशी राहतो. कुरापत काढत नाही, पण कुणी अंगावर आलं तर घाबरून टाकीबाहेरही उडत नाही."

"जमेल याची खात्री आहे?"

"मी काय त्याच्या पोटात शिरलेय? ज्याचं नक्की जमणार नाही तो तुम्हाला देत नाही, एवढंच माझ्या हातात आहे." मग तो शनिवारपर्यंत बाजूला ठेवायला जाळी उचलताना त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं असावं, कारण त्यांचा आवाज उतरला. "आधी सगळे दगड हलवा. एकही जुन्या जागी ठेवू नका. आपलं घर कुठलं हेच जुन्याला कळेनासं झालं की दोघंही नवे. मग पोटभर खायला घाला, दिवा बंद करा आणि सोडा. पहिले काही दिवस जुना पाठलाग करील, ते चालेल. नवा पळतोय तोवर घाबरायचं नाही. पळायचा थांबला आणि कोपऱ्यात वर तोंड करून नुसता उभा राहिला, तर मात्र लगेच काढा. एक रिकामी टाकी भरून ठेवा त्यासाठी."

शनिवारी दुपारी मासा पिशवीतून घरी आणून त्याने बाह्या वर सारून टाकीत हात घातले. दगड काढताना पट्टेवाल्याने दोनदा मनगटाला धडक दिली. दुखलं नाही, पण प्रत्येक वेळी त्याने हात झटक्यात वर काढला. सगळे दगड उलटसुलट लावून झाल्यावर मासा ओळखीच्या कोपऱ्याकडे झेपावला आणि तिथे काहीच नाही असं बघून मधेच थांबला. कॅटफिश पिशवीतून सुटला तो थेट तळाला गेला आणि एका कपारीत मागच्या मागे शिरला. टाकीवर चादर टाकून तो उठला, आणि मग, हात ओलेच असताना, त्याला वाटलं की आता खोलीकडेही बघायला हवं. पलंग त्याने खिडकीपासून दाराजवळ आणला. दादासाठी खाट आतल्या बाजूला टाकली. म्हणजे दाराजवळ आपण. हे त्याने पाहुणचार म्हणून केलं नव्हतं, आणि ते स्वतःशी कबूल करताना त्याचे कान तापले. ओट्याच्या खणातल्या दोन सुऱ्या त्याने कापडात गुंडाळल्या, हातोडी आणि पक्कड त्यांच्यासोबत ठेवली, आणि संध्याकाळी जाऊन सगळं दुकानाच्या मागच्या खोलीत ठेवून आला. परत येताना रस्त्यावर मुलं चेंडू खेळत होती, एका बाल्कनीतून कुणीतरी कुणाला तरी पातळ कपडे घालू नकोस म्हणून ओरडत होतं, आणि या सगळ्यांतून चालताना त्याला स्वतःची लाज वाटली. पण परत जाऊन हातोडी आणावी इतकी नाही.

रविवारी बाराच्या सुमारास दार वाजलं. दादा त्याच्या आठवणीतल्यापेक्षा लहान होता. खांदे आत गेलेले, डोक्यावर राखी खुंट, हातात एकच पिशवी. चष्मा कुणाचातरी जुना असावा. डावी काडी दोऱ्याने बांधलेली, आणि भिंगं त्याच्या नंबराची नव्हती हे त्याला एका नजरेत कळलं, कारण दादा बघताना हनुवटी वर उचलत होता. फक्त हात तेच होते. रुंद, बोटांची पेरं गाठाळ.

"आलो," दादा म्हणाला.

"ये. चहा टाकतो."

चहा झाला. अक्काच्या गुडघ्याविषयी बोलून झालं, बसच्या गर्दीविषयी झालं. मग बोलण्यासारखं संपलं आणि दादा खाटेच्या कडेवर बसून टाकीकडे बघू लागला. पट्टेवाला कॅटफिशच्या कपारीसमोर उभा होता. पाच मिनिटं, दहा मिनिटं. ओट्याशी उगाचच भांडी पुसत तो दादाच्या पाठीकडे बघत राहिला. पट्टेवाला वळला की कपारीतून दोन मिशा बाहेर यायच्या. तो परत वळला की आत जायच्या.

"नवा कुठला?" दादाने विचारलं.

"खालचा. कालच आणला. सोबत म्हणून."

"ह्यांचं जमतं असं कुणी सांगितलं?"

"दुकानातल्या बाईंनी. दगडांच्या जागा बदलायला सांगितल्या. म्हणजे जुन्याला आपली जागा कळत नाही."

दादाने हनुवटी उचलून दगडांकडे पाहिलं. "आमच्याकडे पण तसंच करायचे," तो म्हणाला. "एका बराकीत एकोणीस जण. नवा आला की सगळ्यांची अंथरुणं उचलायला लावायचे, नि पुन्हा नव्यानं टाकायला. दोन दिवस सगळेच गप्प." पहिल्यांदाच त्याने आमच्याकडे असं म्हटलं होतं, आणि ते कुठलंतरी गाव असावं तितक्या सहज.

मग दादा खाटेवर जरा मागे सरकला आणि खाट करकरून एका बाजूला कलली. तो उठला, वाकून बघितलं. "पायाची खिट्टी निघालीय. हातोडी आण जरा."

"हातोडी नाही."

"घरात हातोडी नाही?" दादाने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. चुकीच्या भिंगांमागे डोळे मोठे दिसत होते. "पक्कड?"

"तीही नाही."

दादाने खोलीवरून सावकाश नजर फिरवली. दाराजवळचा पलंग पाहिला, आतली खाट पाहिली, ओट्याचा अर्धवट उघडा खण पाहिला. त्या नजरेबरोबर त्याला आपणच आपल्या खोलीत चोर म्हणून हिंडतोय असं झालं. "शेजारून आणतो," तो घाईने म्हणाला आणि बाहेर पडला. शेजारच्या शिक्षिकाबाईंनी दोन खण शोधून हातोडी काढून दिली, लवकर परत करा म्हणाल्या. त्यांचं दार लागलं आणि तो जिन्याच्या वळणावर उभा राहिला. हातोडी लहानशी होती, दांड्याला रंगाचे डाग, पण हातात धरल्यावर तिचं वजन खांद्यापर्यंत जाणवलं. असाच खाली उतरून जाता येईल. अक्काला फोन करता येईल. खालून कुणीतरी किल्ल्या वाजवत वर येऊ लागलं तेव्हा तो दचकून आत शिरला आणि हातोडी दादाच्या हातात दिली. दांडा दादाकडे करून दिली. तेवढं त्याच्या लक्षात राहिलं.

दादा फरशीवर बसला, खिट्टी बोटांनी चाचपून जागेवर आणली आणि ठोकू लागला. तो भिंतीला पाठ लावून उभा होता आणि मोजत होता. एक. दोन. तीन. चौथा हलकासा, नुसता अंदाज घ्यायला. दादाने खाट हलवून बघितली, ती हलली नाही. मग हातोडी मांडीवर आडवी ठेवून तो तसाच बसून राहिला.

"बारक्या, एक विचारायचं होतं. त्यासाठीच आलो म्हण हवं तर."

त्याच्या पाठीला भिंत गार लागली.

"मी दोनदा मारलं का रे त्याला?"

आवाज साधा होता, पत्ता विचारावा तसा. उत्तर त्याच्या तोंडात पस्तीस वर्षं तयार होतं. दोनदा, मी पाहिलं, मी खोटं कसं बोलणार. पण दादा पुढे बोलत होता. "पहिला आठवतो. हाताला आठवतो, अजून. दुसरा आठवतच नाही. तिकडे सगळ्यांना विचारायचो मी, असं होतं का, एक आठवतो नि एक नाही. म्हणायचे, होतं. मग मी म्हटलं, बारक्या म्हणालाय ना, म्हणजे मारलाच असणार. तो असं काही मनचं सांगणार नाही. तेवढ्यावरच काढली मी बारा वर्षं. दुसऱ्या घावासाठी." त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. "पण आता साठी झाली. एकदा तुझ्या तोंडून ऐकायचंय. रागावणार नाही."

रागावणार नाही हे खरं होतं. ते दिसत होतं. आणि तरीही, किंवा त्यामुळेच, इतक्या वर्षांत कधी वाटली नव्हती इतकी भीती त्याला आता वाटली. कानांत चाकाची घरघर सुरू झाली. कारखान्याचं दार, हातातला गरम डबा, स्वतःचं हसू ओठांवरच राहिलेलं. मोगरी वर गेली. खाली आली. आणि मग? इतकी वर्षं तो या 'मग'पाशी येऊन मागे फिरत आला होता.

"माहीत नाही," तो म्हणाला.

दादाने चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"पहिला घाव बसला नि मी डोळे मिटले. आवाज ऐकला दुसऱ्यांदा. लाकडावर लाकूड आपटावं तसा. तो घावाचा होता, का मोगरी तुझ्या हातून खाली पडली त्याचा, मला माहीत नाही. मी कोर्टात आवाज मोजले, दादा. त्यांनी विचारलं एकदा की दोनदा, नि मी आवाज मोजले."

दादाचा हातोडीवरचा हात हलला नाही. टाकीतून फिल्टरचे बुडबुडे ऐकू येत होते. मग दादा गुडघ्यावर हात ठेवून कष्टाने उठला आणि हातोडी त्याच्याकडे धरली. "दे परत करून," तो म्हणाला. "त्यांना लागेल."

तो हातोडी घेऊन बाहेर पडला. शिक्षिकाबाईंना दिली, त्या काहीतरी म्हणाल्या, तो हो म्हणाला. वळला तोच आपल्या खोलीची आतली कडी लागल्याचा आवाज त्याने ऐकला. या वेळी डोळे उघडे होते. आवाज एकच होता, आणि तो कसला याविषयी शंका नव्हती. तो दारापाशी गेला. आत पावलं नाहीत, खाटेची करकर नाही. मग बऱ्याच वेळाने काहीतरी ऐकू आलं, घसा साफ करावा तसं, आणि पुन्हा तसंच, आणि हळूहळू त्याला कळलं की ते रडणं होतं, आणि त्यासाठीच दादाला खोली हवी होती. आयुष्यभर त्याला भीती वाटत आली होती ती दादा दारातून आत येईल याची. आता दादा बाहेर येणारच नाही, अशी भीती त्याला वाटू लागली, आणि ही दुसरी भीती पहिलीपेक्षा कितीतरी जड होती.

त्याने दारावर हात ठेवला. वाजवलं नाही. "दादा," तो म्हणाला. आतला आवाज थांबला. "दादा, मी बाहेर आहे. जात नाहीये कुठे."

शिक्षिकाबाईंनी दार किलकिलं करून बघितलं आणि परत लावून घेतलं. जिन्यावरचं ऊन एक पायरी खाली सरकलं असेल. मग आतून पावलं आली, दाराशी थांबली, आणि कडी निघाली. दार उघडलं नाही. नुसती कडी काढून पावलं परत आत गेली. त्याने तळहात पँटला पुसला, आणि दार ढकललं.